झिजायचं कुणी?

दंडावरच्या मध्यम आकाराच्या चित्राला तीन तास लागतात असं धरलं आणि मशीनची सुई सेकंदाला १२० वेळा वरखाली होते असं मोजलं, तर त्या एका बैठकीत सुई जवळपास १३ लाख फेऱ्या मारते. आठवड्याचे पाच दिवस असंच काम करणाऱ्या आर्टिस्टच्या हातात हा आकडा महिन्याभरात अडीच कोटींवर जातो. एवढे फेरे सोसणारी वस्तू मुठीत मावते आणि तिचं वजन पुष्कळदा दीडशे ग्रॅमच्या आतच असतं. त्यात काय आधी झिजणार आणि ते झिजल्यावर गिऱ्हाइकाच्या कातडीवर काय उमटणार, याचा विचार रोटरी मशीन हाताने बांधणाऱ्या कारागिराला पहिला स्क्रू कसण्याआधीच करावा लागतो.

कारण टॅटू मशीन एका दिवसात बंद पडत नाही, ते हळूहळू ढिलं होत जातं. शाई टिकायला हवी तर ती वरच्या पातळ त्वचेखालच्या थरात, साधारण दीड ते दोन मिलिमीटर खोल, जावी लागते. सुई तिथे पोचलीच नाही तर रंग काही आठवड्यांत उडतो, आणि फार खोल किंवा तिरकी गेली तर शाई पसरून रेघेभोवती निळसर डाग पडतो. अर्ध्या मिलिमीटरच्या या हिशोबात खिळखिळ्या झालेल्या मशीनला जागा नाही. मशीन दुरुस्त करता येतं, रेघ मात्र माणूस आयुष्यभर अंगावर वागवतो.

रोटरी मशीनची रचना सांगायला सोपी आहे. एक छोटी मोटर, तिच्या शाफ्टवर बसवलेली चकती आणि त्या चकतीवर मध्यापासून जरा बाजूला बसवलेली खुंटी किंवा बारीक बेअरिंग. मोटर फिरली की खुंटी गोल फिरते, तिच्यावर टेकलेला दांडा वरखाली सरकतो आणि दांड्याच्या टोकाची सुई कातडीत जाते. खुंटी मध्यापासून १.७५ मिलिमीटर बाजूला असेल तर सुईची धाव दुप्पट, म्हणजे ३.५ मिलिमीटर होते. धंद्यात या धावेला सगळे ‘स्ट्रोक’ म्हणतात. मऊ, धुरकट छटा भरायला अडीच-तीन मिलिमीटरचा स्ट्रोक, जाड ठसठशीत रेघेला चार किंवा त्याहून जास्त, आणि साडेतीन म्हणजे सगळ्या कामांना चालणारा मधला मार्ग.

चित्रात एवढ्या साध्या दिसणाऱ्या यंत्रणेवर प्रत्यक्षात पडणारा ताण थक्क करणारा आहे. ३.५ मिलिमीटरची धाव सेकंदाला १२० वेळा घ्यायची तर वरच्या आणि खालच्या टोकाला दांडा थांबवून उलटा फिरवावा लागतो, आणि त्या क्षणी त्याचं त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे शंभर पट असतं. सरकणाऱ्या भागांचं वजन ५ ग्रॅम असलं तर बारक्याशा खुंटीवर प्रत्येक फेरीत दोनदा जवळपास अर्ध्या किलोचा भार येतो. स्ट्रोक वाढवला तर हा भार त्याच प्रमाणात वाढतो. वेग वाढवला तर वर्गाने वाढतो. सेकंदाला शंभर फेऱ्यांवरून १२० वर जाणं म्हणजे व्होल्टेजचं बटण थोडंसं फिरवणं, पण आतल्या भागांवरचा ताण त्याने ४४ टक्क्यांनी चढतो. म्हणून चांगला कारागीर दांड्यातला एकेक ग्रॅम कमी करण्यासाठी जिवाचं रान करतो, आणि तिथेच पहिली अडचण उभी राहते. हलका करायचा म्हणून दांडा ॲल्युमिनियमचा केला, तर ॲल्युमिनियमला थकव्याची सुरक्षित मर्यादा नाही. पोलादावर ठरावीक ताणाच्या खाली कितीही फेरे घातले तरी ते तुटत नाही, ॲल्युमिनियम मात्र कमी ताणावरही कधी ना कधी तडकतंच. कोट्यवधी फेऱ्यांच्या या धंद्यात ‘कधी ना कधी’ फार लांब नसतं.

फिरत्या मोटरने सुई चालवण्याची कल्पना टॅटूच्या दुकानात जन्मलेली नाही. थॉमस एडिसनने १८७६ साली विजेच्या पेनाचं पेटंट घेतलं. कचेरीतल्या कागदपत्रांच्या प्रती काढण्यासाठी ते होतं: पेनाच्या डोक्यावर छोटी मोटर, तिच्यावर हलणारी सुई. सुई कागदावर अक्षरांच्या आकाराची भोकं पाडी, मग त्यावर शाईचा रूळ फिरवून खाली हव्या तेवढ्या प्रती छापायच्या. पेन चालायचं ठीक, पण त्याला ओल्या रसायनांची बॅटरी लागायची आणि तिची निगा राखताना कारकून मेटाकुटीला यायचे. यंत्राच्या नशिबाचा फैसला त्याचा सर्वांत कटकटीचा भाग करतो, याचं हे जुनं उदाहरण. पुढे न्यूयॉर्कच्या सॅम्युअल ओ’रायलीने याच तत्त्वावर गोंदण्याचं यंत्र बांधलं आणि ८ डिसेंबर १८९१ रोजी त्याला अमेरिकी पेटंट मिळालं. म्हणजे पेटंट मिळालेलं पहिलं विजेचं टॅटू मशीन रोटरीच होतं.

तरीही विसाव्या शतकाचा बहुतेक काळ राज्य केलं ते दुसऱ्याच जातीने. न्यूयॉर्कच्याच चार्ली वॅग्नरने १९०४ साली आपल्या मशीनचं पेटंट घेतलं, आणि त्यानंतरच्या काळात विजेच्या घंटेच्या तत्त्वावर चालणारी कॉइल मशीन सगळीकडे पसरली. दोन विद्युतचुंबक लोखंडी पट्टीला खाली खेचतात, खेचताच संपर्क तुटतो, स्प्रिंगचं पातं पट्टीला परत वर नेतं, संपर्क जुळतो आणि चक्र पुन्हा सुरू. हे मशीन जड, गोंगाट करणारं, वरचेवर जुळवून घ्यावं लागणारं. मग ते टिकलं कसं? त्यात झिजणाऱ्या वस्तू म्हणजे स्प्रिंगचं पातं, ठिणग्यांनी खात जाणारा संपर्काचा स्क्रू, रबराची कडी. सगळ्या स्वस्त, सगळ्या उघड्यावर, सगळ्या आर्टिस्टला स्वतः बदलता येणाऱ्या. पातं तुटलं की दुसरं बसवायचं आणि काम पुढे चालू. कॉइल मशीन वारंवार बिघडायचं, आणि तरीही दोन-तीन पिढ्या चालायचं.

रोटरीचा आधुनिक अवतार १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात आला. जर्मनीत हानोव्हरच्या मानफ्रेड कोर्स यांनी तेव्हा छोट्या डीसी मोटरवर चालणारं मशीन तयार केलं. त्याच्याच बिनकागदी भावंडांनी अमेरिकेतल्या तुरुंगांत जन्म घेतला. कॅसेट प्लेअरची मोटर, बॉलपेनची नळी आणि सुईच्या जागी घासून टोक काढलेली गिटारची तार. अशा यंत्रांनी गोंदणं आरोग्याला धोक्याचंच, पण रचना म्हणून पाहिलं तर त्यांत रोटरीची सगळी ताकद आणि सगळी दुबळाई एकदम दिसते. कॅसेटची फीत एकाच मंद गतीने ओढण्यासाठी बनलेली मोटर इथे दर सेकंदाला शेकड्यांनी हादरे खाते आणि थोड्याच दिवसांत दम टाकते.

आजचे सुटे मशीन बांधणारे कारागीर मोटरीसाठी जर्मनीतल्या फाउलहाबर किंवा स्वित्झर्लंडमधल्या मॅक्सॉनसारख्या कंपन्यांकडे वळतात. या मोटरींत फिरणाऱ्या गुंडाळीच्या आत लोखंडाचा गाभा नसतो, त्यामुळे त्या हलक्या असतात, चटकन वेग घेतात आणि गुळगुळीत फिरतात. १९९७ साली मंगळावर उतरलेल्या सोजर्नर या छोट्या गाडीत मॅक्सॉनच्या ११ मोटरी होत्या. मंगळावर चालणारी मोटर टॅटूच्या दुकानात दमेल असं कुणाला वाटणार नाही, पण ती दमते.

दोष मोटरीचा नाही, तिच्यावर टाकलेल्या कामाचा आहे. मोटरीचं काम फिरवणं. तिचा शाफ्ट बाजूने ढोसला जावा यासाठी ती बनलेली नाही. कंपन्यांच्या तक्त्यांत असा आडवा भार किती चालेल हे छापलेलं असतं. छोट्या मोटरींच्या बाबतीत तो बहुधा काही न्यूटनच असतो, आणि तोही मोटरीच्या तोंडापासून ठरावीक अंतरावर, पुष्कळदा ५ मिलिमीटरवर. वर काढलेला अर्ध्या किलोचा भार म्हणजे पाच न्यूटन. चकती तोंडापासून दुप्पट अंतरावर बसवली की तरफेच्या नियमाने पुढच्या आधारावरचा जोर आणखी वाढतो. आत साधं ब्राँझचं बुश असेल तर त्याचं भोक लंबगोल होत जातं. बॉल बेअरिंग असेल तर ते जास्त टिकतं, पण किंमत चढते आणि आवाजही थोडा वाढतो. काही कारागीर चकतीच्या पलीकडे शाफ्टला आणखी एक बेअरिंग देतात. कल्पना योग्यच आहे, पण मग तीनही आधार एका रेषेत तंतोतंत यायला हवेत. लेथवर थोडी जरी चूक झाली, तरी शाफ्टला वाचवायला बसवलेलं बेअरिंगच त्याला वाकवत राहतं.

मोटरीच्या आत वीज पोचवणारे ब्रश हा आणखी एक निवडीचा प्रश्न. मौल्यवान धातूचे ब्रश कमी विजेवरही छान चालतात आणि शांत असतात, पण जास्त प्रवाह ओढला की ठिणग्या त्यांना खातात. ग्रॅफाइटचे ब्रश ओझं सोसतात, मात्र त्यांची काळी भुकटी पडते आणि मंद गतीवर ते जरा अडखळतात. चांगल्या ब्रशवाल्या मोटरीचं आयुष्य साधारणपणे एक ते तीन हजार तास धरलं जातं. रोज चार तास सुई चालवणाऱ्या आर्टिस्टच्या हिशोबात एक हजार तास म्हणजे कामाचे २५० दिवस. ब्रश नसलेली मोटर यातून सुटते आणि कितीतरी पटींनी जास्त चालते. तिला चालवायला मात्र इलेक्ट्रॉनिक सर्किट लागतं, आणि हादऱ्यांत जगणारं सर्किट गेलं तर ते वर्कशॉपमधल्या कारागिराला बऱ्याचदा दुरुस्त करता येत नाही.

मग येतो सरकणारा दांडा आणि तो ज्यात सरकतो ते बुश. इथली पसंती अनेकदा डेलरिन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ॲसिटल प्लॅस्टिकला मिळते, कारण ते धातूवर तेलाशिवाय सरकतं आणि आवाज गिळतं. ब्राँझ जास्त वर्षं टिकेल, पण त्याला वंगण लागतं, आणि उघड्या जखमेच्या चार इंच वर तेलाचा थेंब लोंबकळत ठेवणं कोणत्याही जबाबदार कारागिराला पटणार नाही. इथे टिकाऊपणाने माघार घेणंच योग्य. डेलरिनचं दुखणं वेगळं आहे: तापलं की ते धातूपेक्षा कितीतरी जास्त फुगतं. थंड मशीनमध्ये अगदी घट्ट बसवलेला दांडा तासाभराने घासायला लागतो, मोटर जास्त वीज ओढते, आणखी तापते, आणि हे दुष्टचक्र सुरू होतं. म्हणून मोकळीक ठेवावी लागते, साधारण केसाच्या जाडीच्या निम्म्याहूनही कमी. त्याहून सैल ठेवली तर सुई डुलते आणि रेघ फाटते.

बहुसंख्य बिघाड मात्र एवढ्या शास्त्रापर्यंत जातच नाहीत. चकती शाफ्टवर धरून ठेवणारा एक बारीक ग्रब स्क्रू असतो, आणि हादऱ्यांनी तो सुटतो. शाफ्टला एका बाजूने सपाट घासून स्क्रू त्या सपाटीवर टेकवला आणि आट्यांना पकड धरणारा द्रव लावला, तर तो बसून राहतो. फार तिखट जातीचा द्रव लावला तर पुढच्या दुरुस्तीत स्क्रूचं डोकं गुळगुळीत होतं आणि मोटरसकट चकती फेकून द्यावी लागते. वायरीचंही तसंच. डाख दिलेल्या जागी तार कडक होते, आणि कडक भाग जिथे संपतो तिथेच हादऱ्यांनी ती तुटते. तिथे वायरीला बाहेरून धरणारी एक छोटी पकड दिली तर हा रोग जवळजवळ नाहीसा होतो. पैशांनी पाहिलं तर या दोन्ही गोष्टी किरकोळ आहेत, पण मशीन कुणी बांधलंय ते त्यांवरूनच कळतं.

हादरे कमी करण्यासाठी चकतीच्या दुसऱ्या बाजूला वजन लावतात. छताच्या पंख्याचं एक पातं जड झालं की सगळा पंखा डुगडुगतो, तेच इथे होत असतं. फरक असा की पंख्यात सगळं गोल फिरतं, तर मशीनमधला दांडा सरळ रेषेत धावतो. फिरणाऱ्या वजनाने त्याचा धक्का पूर्ण मारायला गेलं तर वरखालीचा हादरा जातो आणि डावाउजवा सुरू होतो. म्हणून कारागीर सहसा अर्धवट तोलावर थांबतात आणि उरलेलं काम फ्रेमच्या वजनावर सोपवतात. पोलादी किंवा पितळी फ्रेम हादरा पोटात घेते, पण सहा तासांत मनगट मोडते. ॲल्युमिनियमचं वजन पोलादाच्या साधारण एक तृतीयांश. हात थकत नाही, पण हादरा बोटांपर्यंत येतो. शिवाय ॲल्युमिनियममध्ये पाडलेले आटे वारंवार उघडझाप केल्याने जातात. जाणता कारागीर तिथे पोलादी आट्यांची कडी बसवतो आणि नेमक्या त्याच जागी चार ग्रॅम वाढवतो. थ्रीडी प्रिंटरवर काढलेल्या फ्रेम दिसायला देखण्या असतात. पण स्वस्त पीएलए प्लॅस्टिक साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं, म्हणजे उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीतही ते वाकू शकतं. त्याच्या थरांमधल्या बारीक चिरांत शिरलेलं रक्त पुसून काढण्याचा खात्रीचा उपाय नाही. असं मशीन माणसाच्या कातडीजवळ आणू नये.

स्वच्छतेचा प्रश्न प्रत्येक निवडीच्या मुळाशी आहे. वाफेच्या निर्जंतुकीकरणात १२१ अंशांवर १५ मिनिटं किंवा १३४ अंशांवर तीन मिनिटं ठेवावं लागतं. मोटरीतलं ग्रीस आणि गुंडाळीचं इन्सुलेशन त्या वाफेत टिकत नाही, म्हणून मशीन प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून वापरतात आणि फक्त हातात धरायची ग्रिप सुटी करून वाफेला देतात. महाराष्ट्रातल्या जत्रांत बॅटरीवर मशीन चालवून नावं गोंदून देणारे अजून भेटतात. त्यांच्या मशीनमधलं सगळं उघड्यावर असतं. बिघाड डोळ्यांना दिसतो आणि जागेवर सुधारता येतो, पण एका माणसाचं रक्त मिसळलेली शाई त्या उघड्या भागांवर उडते, तेही नाकारता येत नाही.

या अडचणीवर सर्वांत मोठं उत्तर आलं ते बर्लिनच्या एमटी डर्म या कंपनीच्या शेयेन मशीनांबरोबर प्रसार पावलेल्या कार्ट्रिजमधून. सुया एका बंद प्लॅस्टिकच्या टोपणात असतात, मागे रबरासारखा पडदा असतो, काम झालं की सगळं फेकून द्यायचं. पडदा शाई आणि रक्त मशीनमध्ये जाऊ देत नाही आणि सुईला परत मागेही खेचतो. मशीनने फक्त पुढे ढकलायचं. पण ताणलेला पडदा ढकलायला प्रत्येक फेरीत जास्त ताकद लागते. मोकळ्या सुईदांड्यासाठी निवडलेली मोटर कार्ट्रिज लावताच तापायला लागते, हे अनेक जुन्या हस्तनिर्मित मशीनांचं झालं. सैल पडद्याची कार्ट्रिज निवडून मोटर वाचवणं हा उपाय दिसायला सोपा आहे, पण तो गिऱ्हाइकाच्या सुरक्षिततेतून वजा होतो. मोटरच बदलायला हवी.

हवामानही हिशोबात धरावं लागतं. बारीक बेअरिंगं सहसा क्रोमियम असलेल्या कठीण पोलादाची असतात. ती भार छान पेलतात आणि दमट हवेत गंजतात. स्टेनलेसची बेअरिंगं गंजाला दाद देत नाहीत, पण त्यांची भार सोसण्याची क्षमता जरा कमी. बर्लिनमध्ये बांधलेल्या मशीनला पहिली निवड योग्य असेल. मुंबई, रत्नागिरी किंवा पणजीच्या पावसाळ्यात, जंतुनाशकाच्या रोजच्या फवाऱ्याखाली, दुसरी. बेअरिंगला रबरी झाकण असेल तर ओल आणि शाई बाहेर राहते, मात्र त्या झाकणाच्या घासण्यात छोट्या मोटरीची थोडी ताकद वाया जाते.

आता वळण बिनवायरी मशीनांचं आहे. लिथियम बॅटरी मशीनच्याच शेपटाला बसते आणि पायात घोटाळणारी वायर जाते, तिच्याबरोबर वायरीचे बिघाडही. बदल्यात वजन हाताच्या मागच्या बाजूला सरकतं, व्होल्टेज स्थिर ठेवणारं सर्किट आत येतं आणि दर चार्जिंगसोबत म्हातारी होणारी बॅटरी मशीनचा भाग बनते. बॅटरी सुटी करता येत असेल तर हा सौदा परवडतो. ती आत कायमची चिकटवलेली असेल, तर उत्तम मोटर आणि उत्तम बेअरिंग असलेलं मशीनही बॅटरीच्याच वयाने मरतं.

स्ट्रोक बदलण्याची सोय, सुईच्या धक्क्याला मऊपणा देणारी स्प्रिंग, फिरवायचं बटण ही सगळी आकर्षणं याच कसोटीवर पाहावी लागतात. प्रत्येक समायोजनाला एक सांधा लागतो, आणि सांधा झिजतो. पोर्ट्रेटपासून जाड रेघेपर्यंत सगळं करणाऱ्या आर्टिस्टला ती सोय खरोखर हवी असते. फक्त रेघा ओढणाऱ्याला साडेतीन किंवा चार मिलिमीटरची एकच घट्ट चकती असलेलं मशीन जास्त वर्षं साथ देईल, आणि गरज पडलीच तर स्वतंत्र चकत्यांचा संच ठेवता येतो.

कारागिराकडून मशीन घेणाऱ्याने म्हणूनच रंग आणि नक्षीच्या आधी काही साधे प्रश्न विचारावेत. बेअरिंग कोणत्या मापाचं आहे, आणि ते साध्या बेअरिंगच्या दुकानात मिळतं का? मोटर बाहेर काढायला किती स्क्रू सोडावे लागतात? डेलरिनचं बुश वेगळं विकत मिळेल का? हाताने मशीन बांधणारे बरेच जण एकटे किंवा दोघे-तिघे मिळून काम करतात. उद्या कुणी धंदा बंद केला, दुसऱ्या देशात गेलं, आजारी पडलं, तर खास त्याच्याच लेथवर काढलेल्या विचित्र मापाच्या भागासाठी आर्टिस्टला दुसरा कुणी सापडत नाही. काही कारागीर हे ओळखून बाजारात सहज मिळणाऱ्या मेट्रिक मापांच्या बेअरिंगांभोवतीच रचना आखतात, जास्तीचं बुश आणि ग्रब स्क्रू डबीत घालून देतात आणि चकतीचं माप मशीनच्या पोटावर कोरून ठेवतात, म्हणजे दहा वर्षांनी नाशिकच्या एखाद्या लेथवाल्यालाही तशीच चकती काढून देता यावी.